भिंत, अंगण, गोठा : सोहराई प्रकल्पाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२३, नागपूर

आजपासून काम सुरू. विषय : झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यातला सोहराई सण आणि त्यासाठी घरोघरच्या बायका मातीच्या भिंतींवर काढतात ती चित्रं. शेवटी हाताशी दोन गोष्टी हव्यात. मराठी शाळांत फिरवता येईल असं छोटं प्रदर्शन, आणि सोबत पुस्तिका.

आज पोळा, म्हणून मुद्दाम हाच दिवस धरला. आपल्याकडच्या मुलांना सोहराई सांगायची तर सुरुवात पोळ्यापासूनच करावी लागेल. खांदमळणी, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' हे बैलाला दिलेलं आमंत्रण, शिंगांना हिंगूळ, बाशिंग, झूल, पुरणपोळीचा घास. सोहराईतही गुरांना न्हाऊ घालतात, शिंगांना तेल-शेंदूर लावतात, खाऊपिऊ घालतात. पण तिथे गुरांसोबत घरही सजतं. पावसानं धुपलेली भिंत नव्यानं लिंपली जाते आणि तिच्यावर बैल, गायी, हरणं, हत्ती, मोर, वेली उमटतात. पोळा ऐन पावसाळ्यात येतो. सोहराई येते ती भात पिकून कापणीला आल्यावर.

तिथीचा घोळ आधीच निस्तरून ठेवते. तिकडे सोहराई कार्तिक अमावास्येची मानतात. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांची कार्तिक अमावास्या म्हणजे आपली आश्विन अमावास्या, लक्ष्मीपूजनाची. यंदा १२ नोव्हेंबर.

नोंदपत्राचा नमुना तयार केला. चित्राला क्रमांक द्यायचा नाही, घराला द्यायचा. प्रत्येक घराखाली रकाने : भिंत कशाची, माती कुठून आणली, कुणी लिंपली, कुणी काढलं, अंगणात काय, गोठ्यात काय, गुरं किती, नांगर अजून चालतो का. आजवर पाहिलेल्या बहुतेक छायाचित्रांत चित्राची चौकट नेमकी कापलेली असते; खालचं जोतं, शेजारचं दार, दारातली गाय सगळं बाहेर राहतं. सोहराई नेमकी त्या बाहेर राहिलेल्या जागेत घडते, असं मला वाटतं. ते खरं की नाही ते गावात कळेल.

९ ऑक्टोबर २०२३, हजारीबाग

मी आणि ध्वनिमुद्रण करणारी सहकारी, दोघी पोचलो. शहरात उतरल्यावर पहिलं दर्शन सरकारी भिंतींवरच्या सोहराईचं. कुंपणं, पुलाचे खांब, कार्यालयांच्या भिंती सगळीकडे काळ्या-तांबड्या रंगातले बैल आणि मोर. चित्रं नेटकी आहेत, पण सगळी तैलरंगात किंवा इमल्शनमध्ये. माती कुठेच नाही.

दुपारी दिपूगढ्याच्या संस्कृती संग्रहालयात. या कलेची ओळख बाहेरच्या जगाला झाली ती बऱ्याच अंशी या संग्रहालयाचे संस्थापक बुलू इमाम यांच्यामुळे. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. भिंतीवरचं कागदावर आणण्याचं काम १९९३ पासून इथल्या आदिवासी महिला कलाकारांच्या सहकारी संस्थेनं केलं. कागदालासुद्धा आधी मातीचा हात देतात आणि मग त्यावर मातीचेच रंग चढवतात, हे जवळून पाहिल्यावर कळलं. बोट लावलं तर किंचित खरखरीत लागतं.

वारलीशी तुलना मनात येतेच. आपल्याकडे लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकटीतलं चित्र, लिहायच्या त्या सुवासिनी. सत्तरच्या दशकात चित्रं कागदावर आली आणि पुढे जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या थोर चित्रकारामुळे ती जगभर गेली, पण कागदावरची वारली बरीचशी पुरुषांच्या हातात गेली. हजारीबागेत कागद आला तरी ब्रश अजून बायकांच्या हातात आहे. पुस्तिकेत हे ठळक लिहायचं.

११ ऑक्टोबर २०२३, इस्को

बडकागाव भागातल्या इस्कोच्या कातळाखाली गेलो. पडवीसारखा पुढे आलेला खडक, त्यावर गेरूच्या रंगातल्या प्राचीन आकृत्या. चौकटी, जाळ्या, वर्तुळात वर्तुळं, प्राणी. १९९१ मध्ये ही चित्रं अभ्यासकांच्या नजरेत आली. गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होतीच.

कातळावरच्या काही आकृत्या आणि गावातल्या भिंतींवरच्या आकृत्या यांत साम्य आहे, ते डोळ्यांना सरळ दिसतं. त्यावरून हजारो वर्षांची अखंड परंपरा, असं सर्रास लिहिलं जातं. मी लिहिणार नाही. साम्य आहे, एवढं लिहीन. कातळ गावाजवळ आहे, बायका पिढ्यान्‌पिढ्या तो पाहत आल्या आहेत, हेही साम्याचं कारण असू शकतं, आणि ते काही कमी सुंदर नाही.

१५ ऑक्टोबर २०२३, गाव

घर ठरलं. गावाचं नाव नोंदींत देत नाही, घरच्यांनी तसं सांगितलंय. कुडमी महतो कुटुंब. सासू, दोन सुना, मुलगे, नातवंडं. दोन बैल, तीन गायी, वासरं. घरच्या सासूबाईंना आम्ही काकी म्हणतो, त्या आम्हाला 'बेटी'. आपसात बोलतात ती खोरठा, आमच्याशी हिंदी.

'आदिवासी सण' हे प्रदर्शनाचं उपशीर्षक मात्र इथे अपुरं पडतं. सोहराई संथाळ, मुंडा, उरांव करतात, तशीच कुडमी, प्रजापती, गंझू, घटवालही करतात. कुडमींची अनुसूचित जमातींत समावेशाची मागणी जुनी आहे आणि अजून सुटलेली नाही. म्हणून उपशीर्षक 'छोटा नागपूरच्या पठारावरचा गुरांचा सण' असं करते.

भिंतींची डागडुजी सुरू आहे. जून ते सप्टेंबरच्या पावसानं खालचा हातभर भाग पोखरला होता. धाकट्या सुनेनं माती, शेण आणि भाताचा भुसा तुडवून गारा केला आणि तळहातानं भरला. वाळला की वरून पातळ शेणकाल्याचं पोतेरं. या कामाला कुणी चित्रकला म्हणत नाही आणि त्याचा फोटोही सहसा कुणी काढत नाही. आम्ही काढले, पुष्कळ.

१९ ऑक्टोबर २०२३

माती आणायला बायकांबरोबर गेलो. चार रंग, चार माती. काळी मिट्टी, तिच्यात मँगनीज असतं. पांढरी ती चरक मिट्टी किंवा दुधी मिट्टी, म्हणजे केओलिनची. पिवळी आणि तांबडी, म्हणजे गेरूच्या जातीच्या. ओढ्याच्या कडेला, दरडीच्या पोटात प्रत्येकीची जागा ठरलेली. काकींनी पांढरी माती चिमूटभर जिभेवर ठेवली, दातांत वाळू लागली म्हणून ती जागा सोडली आणि पाच-सहा पावलांवर दुसरीकडे खणलं. ती ढेकळं घरी आणून भिजवली, फडक्यातून गाळली, खाली बसलेला गाळ टाकून दिला.

हा सगळा भाग उत्तर कर्णपुरा कोळसा खोऱ्यात येतो. खाणी वाढतायत. खाणीसाठी गाव उठतं तेव्हा घराची किंमत होते, जमिनीची होते, झाडांचीही मोजदाद होते. मातीच्या जागांची होत नाही. नकाशावर या चार जागा टिपून ठेवल्या, पण पुस्तिकेत छापायच्या नाहीत असं बायकांशी बोलून ठरलं.

३० ऑक्टोबर २०२३

आज भिंतीवर बैल आला. सकाळपासून बसून पाहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

काढणारी काकींची धाकटी जाऊ, शेजारच्या घरातली. भिंतीला आधी पिवळ्या मातीचा हात दिलेला होता. खडू नाही, पेन्सिल नाही. हातात दतवन, म्हणजे दात घासायची काडी, टोक चावून कुंचल्यासारखं केलेलं. तिनं सुरुवात केली ती पाठीपासून. शिंगांपासून शेपटीपर्यंत एक लांब तांबडी रेघ, श्वास सोडायच्या आत. मग पोट, मग पाय. तांबड्याला लागून बाहेरून काळी रेघ, काळीला लागून पांढरी. तांबडी पूर्वजांच्या रक्ताची, काळी महादेवाच्या दगडाची, पांढरी अन्नाची, असा अर्थ इथे सांगतात. तिला विचारलं तर म्हणाली, तांबडी आधी काढायची, आईनं तसंच शिकवलं. दोन्ही उत्तरं नोंदपत्रात शेजारी-शेजारी लिहिली.

पुढे आतलं भरण काकींचं. पाय मोकळे ठेवले, धड मात्र आडव्या-उभ्या रेघांनी, ठिपक्यांनी गच्च भरलं. गायीच्या पोटात वासरू काढलं. बैलाच्या पाठीवर एक चौकोनी अंगाची, शिंगांची आकृती उभी राहिली. हा पशुपती, गुरांचा राखणदार. उरलेल्या जागेत वेली, कमळं, एक मोर, एक साप.

जाऊबाईंचा हात ठाम आणि वेगवान, काकींचा सावकाश आणि बारीक. भिंत एकच, हात दोन. नुसता फोटो पाहणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं.

५ नोव्हेंबर २०२३

गावातली घरं मोजली. निम्म्याहून कमी अजून मातीची. पक्कं घर हवं असणं हा काही परंपरेचा द्रोह नव्हे. दर पावसाळ्यानंतर भिंत कुणाला भरावी लागते ते पाहिलंच आहे. पण सिमेंटवर माती धरत नाही, पापुद्रे सुटतात. मग काही घरांत पक्क्या घरामागचा गोठा मातीचाच ठेवलाय आणि सोहराई त्या गोठ्याच्या भिंतीवर उतरली आहे. मला ही फार महत्त्वाची नोंद वाटते. भौगोलिक मानांकनाच्या कागदांत (सोहराई आणि खोवर, म्हणजे लग्नाच्या खोलीतली भिंतचित्रं, यांना ते मे २०२० मध्ये मिळालं, झारखंडचं पहिलंच) गोठ्याला जागा असो वा नसो, बायकांनी मात्र ती दिली.

ट्रॅक्टरही आलेत. ज्या घरी आता एकही बैल नाही, तिथेही भिंतीवर बैल काढलेला आढळला.

१२ नोव्हेंबर २०२३, अमावास्येची रात्र

पणत्या आधी गोठ्यात, मग घरात. मध्यरात्रीनंतर गाणारी मंडळी आली. ढोल, मांदर, नगारे. घरोघरच्या गोठ्यासमोर उभं राहून अहिरा गीतं म्हणतात. आज रात्री गुरांना जागं ठेवायचं असतं. गाणं गुरांशी बोलतं, त्यांच्या कष्टांचं कौतुक करतं. घरातून मंडळींना पिठे (तांदळाच्या पिठाचे खाद्यपदार्थ), तांदूळ, थोडे पैसे. सहकारीनं आवाजयंत्र गव्हाणीच्या कडेला ठेवलं होतं. त्यामुळे गाण्यामागे रवंथ, गळ्यातल्या लाकडी घंटा आणि एका वासराचं हंबरणंही आलं. यातलं काहीही पुसायचं नाही, असं ठरवलं.

१३ नोव्हेंबर २०२३, सोहराई

पहाटे गुरं तळ्यावर. पुरुषांनी पेंढ्याच्या चोथ्यानं अंगं घासली. आणल्यावर शिंगांना मोहरीचं तेल आणि शेंदूर. मग वाटीचं तोंड रंगात बुडवून अंगावर गोल ठसे. तांबडे आणि पांढरे, पाठीवर, फऱ्यांवर. कपाळावर नव्या भाताच्या लोंब्यांचा गुंफलेला मुकुट बांधला. थोरल्या बैलानं शेजारच्या गायीचा मुकुट खाऊन टाकला. काकींनी काही न बोलता दुसरा बांधला. मग गुरं चरायला सोडली.

ती गेल्यावर अंगणात बायकांचं काम सुरू झालं. आदल्या रात्री भिजवून वाटलेल्या तांदळाचं पातळ पीठ. थोरली सून उकिडवी बसून मागे मागे सरकत होती. चार बोटं पिठात बुडवायची आणि जमिनीवर सोडायची. बोटांवरून पीठ निथळत रेघा पडत जातात. वेटोळी, त्यांना जोडणारी वेटोळी, मधे गायीच्या खुरांचे ठसे. हे ठसे मुठीच्या कडेनं उमटवले. जागोजागी शेंदराचे टिळे. अंगणाच्या दारापासून गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत अशी पांढरी वाट तयार झाली. हे अरिपन. आपली रांगोळी कोरडी, चिमटीतून सुटणारी. ही ओली, आणि सारवलेल्या जमिनीत मुरून बसणारी.

दुपारी गुरं परतली. पुढे गाय, मागे वासरू, मग बैल. दारात काकी सूप घेऊन उभ्या : दिवा, दूर्वा, अक्षता, शेंदूर. ओवाळलं, कपाळाला टिळा लावला आणि गाय अरिपनावरून आत गेली. खुरांनी पीठ फासलं गेलं, एका जागी शेणही पडलं. थोरली सून माझ्या शेजारीच उभी होती. इतक्या वेळाची मेहनत अशी तुडवली जाताना तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि मला म्हणाली, ती वाटेच्या मधून चालली ना, बघितलंस? कडेनं गेली असती तर सासूबाई दिवसभर बोलल्या असत्या.

गुरं मग गोठ्याकडे वळली, आणि त्या वळणावर समोर येते तीच भिंत, जाऊबाईंच्या बैलाची. भिंत रस्त्याकडे तोंड करून नाही, आत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही. गोठ्यात शिरणाऱ्या गुरांच्या समोर येते. जागेचा आराखडा लगेच काढून घेतला : दार, अरिपन, भिंत, गोठा, अंतरं टेपनं मोजून. प्रदर्शनाचा मुख्य फलक हा आराखडा असेल. चित्र त्याच्या आत, आपल्या जागी.

गोठ्यात पूजा झाली, गुरांना तांदूळ आणि कडधान्याची आळणी खिचडी. माणसांचं जेवण त्यानंतर.

१४ नोव्हेंबर २०२३

बरदखूंटा. गावाच्या मोकळ्या जागी खुंट पुरून त्याला धष्टपुष्ट बैल बांधतात, ढोल वाजवत, वाळलेलं कातडं त्याच्यासमोर नाचवत त्याला चिथावतात. बैल धावून येतो, लोक मागे पळतात, आरडाओरडा. म्हाताऱ्या गुराख्यांनी सांगितलं की जंगलात वाघ-बिबट्या समोर आला तर गुरानं शिंगं रोखावीत, म्हणून ही तयारी. आता रानात गुरं राखायची तशी वेळ क्वचितच येते.

मला हा भाग पाहवला नाही, तरी तो प्रदर्शनातून गाळणार नाही. काल ओवाळलेला बैल आज खुंटाला बांधला जातो, आणि गावाच्या मनात या दोहोंत विरोध नाही. मुलांना हे सांगताना गुराख्यांचं कारण त्यांच्याच शब्दांत द्यायचं.

१३ जानेवारी २०२४, दुमका

संथाळांची सोहराई इथे, संथाळ परगण्यात, पौषात येते, संक्रांतीला लागून. भात घरात आलेलं असतं. पाच दिवसांचा सण; तारीख मांझी, म्हणजे गावप्रमुख, ठरवतो. पहिला दिवस उम, न्हाण्याचा. दुसरा गोठ्यातल्या पूजेचा, तिसरा खुंटाव, बैल खुंटाला बांधण्याचा, मग जाले, घरोघर नाचत-गात फिरण्याचा, आणि शेवटी हाको-काटकोम, मासे आणि खेकडे धरण्याचा. लग्न झालेल्या मुलींना भाऊ माहेरी आणतात. भाऊबीज आणि पोळा एकाच सणात, असं मुलांना सांगता येईल.

पहिल्या दिवशीची गोट पूजा मनात राहिली. नायके, म्हणजे गावचा पुजारी, माळावर तांदळाची खूण मांडून तिच्यावर अंडं ठेवतो आणि गावची सगळी गुरं तिकडून हाकतात. ज्याचं जनावर अंड्याला तोंड किंवा पाय लावील त्याचा मान मोठा. त्याचे पाय धुतात, त्याला खांद्यावर घेतात, आणि पुढच्या वर्षी हांडी, म्हणजे तांदळाची दारू, त्याच्याकडून.

इथल्या भिंती वेगळ्या. प्राणी कमी, पट्टे जास्त. जोत्यापासून काळा, तांबडा, पांढरा असे सरळ, गुळगुळीत पट्टे. कोपऱ्यात एखादं फूल, मातीनं उठाव दिलेलं. हजारीबागेहून आलेल्या डोळ्यांना ते आधी साधं वाटतं. उजेड कलला की त्या घरांसमोरून हलवत नाही.

१८ फेब्रुवारी २०२४, हजारीबाग

काकींच्या घरी लग्न, म्हणून खोवर पाहायला मिळालं. वधूवरांच्या खोलीची भिंत. आधी काळी माती, ती वाळू दिली. वर पांढऱ्या मातीचा जाड हात. तो ओला आहे तोवरच तुटक्या फणीच्या दातांनी ओढायचं. पांढरं निघतं आणि खालच्या काळ्या रेघा उघड्या पडतात. पुसता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. ऊन वर आलं तशी काकींनी जाऊबाईंना हाक मारली आणि दोघी भिंतीच्या दोन टोकांकडून मधे सरकत आल्या. फणीचा आवाज ध्वनिमुद्रणात छान आलाय.

९ जुलै २०२४, नागपूर

गावातून फोन. पाऊस चांगला आहे, रोवणी सुरू आहे, गोठ्याकडची भिंत खालून धुपली, बैलाचे पाय गेले. जाऊबाई म्हणाल्या, यंदा दोन बैल काढीन.

भिंतीवर वार्निश किंवा पारदर्शक लेप द्यावा का, असं एका सल्लागारानं सुचवलं होतं. नाही. श्वास कोंडलेली मातीची भिंत आतून फुगते, हे एक कारण. दुसरं, या घरात चित्र टिकवायचं कामच नाही; दरवर्षी काढायचं काम आहे, आणि त्यासाठी लागते ती माती, गोठा, आणि दिवाळीआधीचे मोकळे दिवस. पुस्तिकेत 'जतन' या प्रकरणाऐवजी 'दरवर्षी लागणाऱ्या गोष्टी' असं प्रकरण केलं.

२६ ऑक्टोबर २०२४, नागपूर

कझानच्या ब्रिक्स परिषदेत पंतप्रधानांनी रशियाच्या अध्यक्षांना सोहराई चित्र दिलं आणि उझबेकिस्तानच्या अध्यक्षांना वारली चित्र. बातमी आल्यापासून शाळांचे फोन वाढलेत. चांगलं आहे. दोन्ही चित्रांची छायाचित्रं शेजारी ठेवून एक फलक वाढवला : एक लग्नाच्या चौकातून निघालेलं, दुसरं गोठ्याच्या वाटेवरून.

नावांचा प्रश्न सुटला. पुस्तिकेत ज्या बायकांनी संमती दिली त्यांची नावं त्यांच्या भिंतीखाली येतील, बाकीच्यांच्या भिंतीखाली फक्त घराचा क्रमांक. मानधन सगळ्यांना सारखंच, लिंपणाऱ्यांनाही. काकींनी फोनवर मसुदा ऐकून घेतला आणि एकच बदल सांगितला : बैलाखाली त्यांच्या जावेचं नाव आधी हवं, कारण पाठीची रेघ तिची. तसं केलं. लिंपणारी म्हणून धाकट्या सुनेचं नाव तिसरं घातलं. फाइल आज छापखान्यात गेली. पहिलं प्रदर्शन दिवाळीच्या सुट्टीनंतर लागेल, आणि पुस्तिकेचा एक गठ्ठा त्याआधी हजारीबागेला पाठवायचा आहे.